गडी मिळत नाहीं, कीं ठरवितां येत नाहीं?

कुरुळीच्या पारावर किंवा चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारांत चार शेतकरी एकत्र जमले म्हणजे पाऊसपाणी व बाजारभाव ह्यांच्या मागोमाग जो विषय हटकून निघतो तो मजुरांचा होय. “गडी मिळत नाहीं,” “हल्लींच्या पोरांना काम नको, मोबाइल पाहिजे,” “आमच्यामागें शेतांत कोण उतरणार कोण जाणे,” अशीं वाक्यें आम्हीं इतक्या वेळां ऐकलीं आहेत, व खरें सांगावयाचें तर स्वतःही उच्चारलीं आहेत, कीं तीं आतां म्हणींसारखीं पाठ झालीं आहेत. तक्रार खोटी नाहीं. ज्याचे कांद्याचे वाफे तयार आहेत, रोप हाताशीं आलें आहे आणि लागणीस माणूस नाहीं, त्याच्या जिवाची तगमग ती त्यालाच ठाऊक. परंतु तक्रार खरी असली म्हणजे तिचें कारणही आपण सांगतों तेंच असतें असें नाहीं. तरुण मनुष्य शेताकडे पाठ फिरवितो ह्याचें एक मोठें कारण आपली मजूर ठरविण्याची रीत हें आहे, असें आमचें मत झालें आहे. आणि पाऊस, बाजार व सरकार ह्यांपैकीं कांहींच आपल्या हातीं नसलें तरी ही रीत मात्र सर्वस्वी आपल्या हातीं आहे. म्हणून हा लेख.

कुरुळी हें गांव खेड तालुक्यांत, पुणें-नाशिक रस्त्यावर, मोशी व चाकण ह्यांच्या दरम्यान आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें, आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरी करीत करीत कारखान्यांची रांग इंद्रायणी ओलांडून आपल्या बांधापाशीं येऊन ठेपली. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्यें सुरू झाला. फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ ह्यांचे २००९ मध्यें. आज सकाळीं फाट्यावर उभें राहिलें तर कंपन्यांच्या बसगाड्यांची रीघ लागलेली दिसते. त्याच वेळीं एखादा टेंपो बायकांना भरून लागणीस किंवा खुरपणीस निघालेला असतो. बसमध्यें बसलेले बहुतेक पंचविशीच्या आंतबाहेरचे; टेंपोंतल्या बहुतेक पन्नाशीकडे झुकलेल्या. ह्या दोन वाहनांत बसलेल्या माणसांच्या वयांतलें अंतर हाच आमच्या मतें आजच्या शेतीपुढील मुख्य प्रश्न आहे. टेंपोंतल्या ह्या बायका आणखी दहा वर्षांनीं थकतील, तेव्हां त्यांच्या जागीं कोण बसणार?

कोणी म्हणेल, कारखान्यांत पैसा आहे म्हणून पोरें तिकडे जातात, त्यांत नवल काय? हें अर्धेंच खरें आहे. कारखान्यांतील सर्वच काम म्हणजे सोनें नव्हे, हें आपल्या गांवांत ठेकेदाराकडून लागलेल्या प्रत्येक मुलास माहीत आहे. आज घेतलें, कांहीं महिन्यांनीं काढलें, पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या नांवावर घेतलें, रात्रपाळी, यंत्रापाशीं सारा वेळ उभें राहणें, आणि कायम होण्याची आशा दरवर्षीं पुढें ढकललेली. असें असतांही तो जातो. कां जातो, हें आम्हीं अशा कांहीं मुलांस विचारून पाहिलें. त्यांचीं उत्तरें ऐकून आम्हांस थोडें लाजल्यासारखें झालें, कारण त्यांत पगाराचा आंकडा पहिल्यानें आलाच नाहीं. एक म्हणाला, “किती वाजतां सुटणार हें मला सकाळींच ठाऊक असतें.” दुसरा म्हणाला, “पगाराची तारीख ठरलेली असते. कोणाच्या दारांत उभें राहून मागावा लागत नाहीं.” तिसऱ्यानें खिशांतलें ओळखपत्र दाखविलें व म्हणाला, “यावर माझें नांव छापलेलें आहे.” ह्या तिन्ही गोष्टींत असें काय आहे कीं जें दोन एकरांचा शेतकरी देऊं शकत नाहीं?

आतां आपण मजूर कसा ठरवितों तें पाहूं. आदल्या रात्रीं नऊ वाजतां फोन करावयाचा : “उद्यां दोन माणसें पाठव.” काम काय, किती वेळ, मजुरी किती, हें बहुधा बोलावयाचेंच नाहीं; “सगळ्यांना देतों तेंच” एवढें पुरें. सकाळीं यावयाची वेळ आपण सांगतों, जावयाची वेळ सूर्यास विचारतों. पाऊस आला तर माणूस हात हालवीत परत जातो व त्याचा दिवस बुडतो. शेतांत प्यावयाचें पाणी असेल तर असेल. सावलीस झाड असेल तर नशीब. बायकांसाठीं आडोसा बहुधा नसतोच. पैसे माल विकल्यावर, आणि माल विकला नाहीं तर बघूं. ह्या सगळ्यावर कडी म्हणजे बोलणें. तिशीच्या गड्यास, तो दोन लेकरांचा बाप असतां, त्याच्या मुलांदेखत “ए” म्हणून हाक मारण्याची आपली संवय अजून सुटलेली नाहीं.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आमचाच एक अनुभव सांगतों. एका रब्बीच्या लागणीस आमच्या वावरांत एक विशीचा मुलगा आला. हात चलाख, नजर चांगली; दुसऱ्याच दिवशीं त्यानें ठिबकाच्या नळींतील गाळ कोठें अडकला आहे तें आमच्या आधीं ओळखलें. आम्हांस वाटलें, हा टिकला तर बरें होईल. आठवड्याच्या शेवटीं त्यानें पैसे मागितले, आम्हीं म्हटलें, “पुढल्या बाजारांत पट्टी आली कीं सगळे एकदम देतों.” तो कांहीं बोलला नाहीं. सोमवारीं आला नाहीं, मंगळवारीं आला नाहीं. मागाहून कळलें कीं तो एका गोदामांत लागला. पैसे आम्हीं पुढें पोंचविले. मुलगा गेला तो गेला. त्या दिवसांत आम्हीही पारावर बसून “हल्लींच्या पोरांना काम नको” असेंच म्हणत होतों.

जुन्या काळीं गडी मिळत, त्याचें कारण त्या वेळचे लोक अधिक कष्टाळू होते असें नव्हे. त्या वेळीं ठरविण्याची एक रीत होती व ती दोघांसही ठाऊक होती. पाडव्यास सालगडी ठरे. वर्षाचें धान्य किती, रोख किती, कपडे, वहाणा, घोंगडी, सगळें चार माणसांसमक्ष ठरे. घाईच्या कामास इर्जिक घालीत. आज सगळ्यांनीं माझ्या शेतांत, रात्रीं जेवण माझ्याकडे. पैऱ्यानें माणसाच्या बदलीं माणूस व बैलाच्या बदलीं बैल फिरत. ह्या रीती सर्वस्वीं गोड होत्या असें आमचें म्हणणें नाहीं. सालगड्याची उचल पुष्कळदां फिटतच नसे व एका सालाचें दुसरें होऊन माणूस जन्माचा बांधला जाई. वेठबिगारी नाहींशी करण्यास १९७६ सालीं कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. तीं दुसरीं सालें परत यावींत अशी इच्छा कोणींही करूं नये. परंतु जुनी रीत मोडली, तिच्या जागीं नवी बसविली नाहीं, आणि मधल्या रिकाम्या जागेंत रात्रीं नवाचा फोन येऊन बसला, ही खरी गोष्ट आहे.

कामगार ठरविण्याची रीत बदलण्याचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोंकणांतून व घाटावरून जाणाऱ्या आपल्या लोकांस मालक ओळखत नसे. त्यांस घेणारा, काढणारा व बढती देणारा जॉबर असे, आणि बायकांच्या खात्यांत नायकीण असे. नोकरी पाहिजे तर जॉबरास कांहीं द्यावें, टिकवावयाची तरी द्यावें, असा तो कारभार होता. कामगारांच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं १९२९ सालीं नेमलेल्या, व्हिटले कमिशन ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रॉयल कमिशननें १९३१ सालच्या आपल्या अहवालांत ह्या मध्यस्थावर कडक टीका केली, आणि माणसें घेण्याचें काम त्याच्याकडून काढून स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोंपवावें असें सुचविलें. पुढें १९३५ सालीं मुंबईच्या गिरण्यांनीं बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांस पाळीनें काम देण्याची योजना काढली. जॉबरचें वर्चस्व एका दिवसांत गेलें नाहीं. परंतु माणूस मध्यस्थाच्या मर्जीवर न राहतां नोंदींत आला, ही त्या सुधारणेची दिशा होती.

शेतींत मात्र आपण आजही त्या जॉबरच्याच काळांत आहों. ऊसतोडीसाठीं मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतो, आणि त्या दोघांचा व कारखान्याचा किंवा शेतकऱ्याचा समोरासमोर करार असा नसतोच. आपल्या भागांतही लागणीच्या टोळ्या मुकादमाकडूनच मिळतात. टोळी उक्तें काम घेते. माणशीं किती पडलें हें आपण विचारीत नाहीं. मुकादम हा वाईटच मनुष्य असतो असें नाहीं. त्याच्यावांचून पुष्कळांचें काम अडेल. पण ज्या मजुराचें नांवही आपणांस माहीत नाहीं, तो पुढच्या वर्षीं आपल्याकडेच यावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी? “भूमिपुत्रांस नोकऱ्या द्या” असे फलक आपण कारखान्यांच्या वाटेवर लावतों, व ती मागणी योग्यच आहे; परंतु तोच भूमिपुत्र आपल्या वावरांत आला तर आपण त्यास कोणत्या अटींवर घेतों, हाही प्रश्न त्या फलकाखालीं उभें राहून आपण स्वतःस विचारावयास हवा.

आतां करावयाचें काय तें सांगतों.

पहिली गोष्ट वेळेची व पैशाची. कामाची सुरुवात, दुपारची सुट्टी व सुटण्याची वेळ ठरलेली असावी, आणि ती मोडल्यास जादा वेळेचे पैसे निराळे द्यावेत. उन्हाळ्यांत कांदा काढणीचें काम पहांटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वीं संपविलें तर माणूस व माल दोहोंचें बरें होतें. मजुरीचा वार ठरलेला असावा. आठवडे-बाजाराच्या आदल्या दिवशीं दिली तर उत्तम. हल्लीं मोबाइलवरून पैसे पाठवितां येतात, म्हणून सुट्टे नव्हते ही सबब उरलेली नाहीं. पट्टी येवो वा न येवो, मजुरी त्या वारीं गेली पाहिजे. बाजाराचा धोका शेतकऱ्याचा आहे. नफा झाला असतां आपण तो मजुरास वांटीत नाहीं, मग तोटा त्याच्या मजुरींतून कां वळता करावा?

दुसरी गोष्ट लेखी बोलीची. वकिलाची जरूर नाहीं. एका कागदावर काम, वेळ, मजुरी, खाडा झाल्यास काय, बोलावून पावसामुळें परत पाठविल्यास किती, आणि दुखापत झाल्यास कोण बघणार, एवढें लिहावें. दोघांनीं सही करावी. एक प्रत त्याच्यापाशीं असावी. ह्या कागदानें मजुराइतकेंच आपलेंही रक्षण होतें, कारण अर्ध्यांत काम सोडून जाणाराही त्यानें बांधला जातो.

तिसरी गोष्ट जिवाची. शेतांत स्वच्छ पाणी, सावलीचें छप्पर व बायकांसाठीं आडोसा ह्यांस फार खर्च येत नाहीं. फवारणीच्या बाबतींत तर कुचराई क्षम्यच नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेंकडों शेतकरी व मजूर दवाखान्यांत गेले व वीसच्या आसपास माणसें दगावलीं. हातमोजे, तोंडास आवरण व पूर्ण बाह्यांचा पोशाख दिल्यावांचून कोणासही पंप पाठीवर देऊं नये. अठरा वर्षांखालील मुलास तर मजुरीस बोलावूंच नये. त्याची जागा शाळेंत आहे.

चौथी गोष्ट स्त्रियांच्या मजुरीची. समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीं झाला, तरी अजून गड्याचा रोज वेगळा व बाईचा वेगळा ही आपली पद्धत चालूच आहे. लागण, खुरपणी, पात कापणें हीं कामें बाई अधिक सफाईनें करते हें आपण तोंडानें कबूल करतों आणि पैसे मात्र कमी देतों. कारखान्यांत दोघांस एक दर मिळतो असें पाहिलेली शिकलेली सून आपल्या वावरांत कमी रोजावर कां वांकेल?

पांचवी गोष्ट कसबाची, आणि तरुणांच्या दृष्टीनें ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तरुणास आज मिळणाऱ्या दामापेक्षां उद्यां आपण कोण होऊं ह्याची ओढ अधिक असते. कारखान्यांत शिकाऊ उमेदवार, मग चालक, मग देखरेख करणारा अशी शिडी निदान कागदावर तरी असते. आपल्याकडे पहिल्या दिवशींचा मजूर व विसाव्या वर्षींचा मजूर ह्यांस एकच नांव व एकच रोज. वास्तविक आजची शेती पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक कसबाची झाली आहे. एकट्या कांद्याचें पाहा. पंधरा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर अंतरानें लागण केली तर एका एकरास हिशेबानें अडीच लाखांवर रोपें बसतात. पाट-वरंबे वजा जातां दोन लाखांच्या पुढें राहतातच. त्या प्रत्येक रोपास माणसाचा हात लागतो; तें खोल गेलें कीं कांदा चिंबतो, वर राहिलें कीं मरतें. गादीवाफ्यावर रोप तयार करणें, ठिबकांतून खत सोडणें, रोग ओळखून नेमकी मात्रा फवारणें, चाळींत कांदा टिकविणें, ट्रॅक्टर व त्याचीं अवजारें चालविणें, हीं सर्व शिकण्याजोगीं व शिकविण्याजोगीं कामें आहेत.

शिकण्याचीं ठिकाणें दूर नाहींत. कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९८ सालापासून आपल्याच तालुक्यांत राजगुरुनगरास आहे. ‘भीमा’ नांवाच्या कांद्याच्या जाती तेथेंच निघाल्या. तळेगांव दाभाड्यास सुगीपश्चात् तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. हरितगृहाचें शिक्षण तेथें मिळतें. २०२३ सालीं केंद्र सरकारनें बचत गटांतील स्त्रियांस फवारणीचे ड्रोन देण्याची योजना जाहीर केली. आमची सूचना अशी कीं, होतकरू मुलामुलीस शेतकऱ्यानें स्वखर्चानें अशा ठिकाणीं पाठवावें, शिक्षणाचे दिवस हजेरीचे धरावेत, व परत आल्यावर नवखा, तरबेज व कारागीर अशा तीन पायऱ्यांनीं त्याचा रोज वाढवावा. “मी मजुरीला जातों” असें म्हणण्यास संकोचणारा मुलगा “मी ठिबकाचा कारागीर आहें” असें म्हणण्यास संकोचणार नाहीं.

इतकें वाचून पुष्कळ वाचक म्हणतील, हें सगळें ठीक, पण दोन एकरवाल्यानें वर्षभर माणूस कसा पोसावा? हा आक्षेप रास्त आहे व त्यावर विचार केल्यावांचून बाकीचें सारें फुकट आहे. कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सरासरी खातें १९७०-७१ मध्यें ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ मध्यें १.३४ हेक्टरवर आलें. पूर्वीं दहा एकरांवर एक सालगडी बसे. आज तीन साडेतीन एकरांवर तो बसत नाहीं. वीस दिवस काम आहे, मग चाळीस दिवस नाहीं, अशा ठिकाणीं कोणताही शहाणा तरुण राहणार नाहीं. म्हणून हा प्रश्न एकट्यादुकट्यानें सुटणारा नाहीं. तो संघानेंच हातीं घेतला पाहिजे.

धरून चालूं कीं, कुरुळी, चिंबळी, मोई, निघोजे ह्या गांवांतील पंचवीस खातेदार एकत्र आले व प्रत्येकाचे दोन एकर धरले. पन्नास एकर झाले. त्यांत एकाचा खरीप कांदा, दुसऱ्याचा रांगडा, तिसऱ्याचा रब्बी. कोणाचा बटाटा, कोणाचा ऊस, कोणाचीं फुलें व पालेभाज्या. खरीप बटाटा व सोयाबीन जून-जुलैंत. रांगड्या कांद्याची लागण पावसाळ्याच्या अखेरीस. रब्बी बटाट्याची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरांत. रब्बी कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारींत. त्याची काढणी एप्रिलच्या सुमारास, व मग चाळ भरणें, निवडणें, प्रतवारी. एका शेतांत पोकळी असते तेव्हां दुसऱ्यांत घाई असते. थोडें आगेंमागें करून आखलें तर दहा-बारा जणांच्या कायम टोळीस वर्षाचे बहुतेक दिवस काम पुरवितां येईल. ही टोळी संघानें नेमावी, संघानेंच तिची हजेरी ठेवावी व संघानेंच दर आठवड्यास मजुरी चुकती करावी. ज्यास माणसें पाहिजेत त्यानें आठ दिवस आधीं नोंद करावी. सर्वांची घाई एकदमच आली तर चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवावी, म्हणजे मोठ्या खातेदाराचें शेत नेहमीं आधीं व लहानाचें मागाहून असें होणार नाहीं. आणि मजुरी थकूं नये म्हणून प्रत्येक सभासदानें पंधरा दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम हंगामापूर्वींच संघाकडे ठेवावी. ज्यास हें जड वाटेल त्यानें एवढें मनांत आणावें कीं, आजवर ही पंधरा दिवसांची उधारी आपण मजुराकडून बिनव्याजी घेत आलों आहों.

ही कल्पना नवी वाटली तरी तिच्यांत जुना पैराच आहे. फक्त त्यास वही, वेळ व पगार जोडला आहे. ज्या महाराष्ट्रानें प्रवरानगरास शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, त्यास बारा माणसांची टोळी एकत्र चालवितां येऊं नये, असें आम्ही मानीत नाहीं.

दुसरा आक्षेप परवडण्याचा. कांद्याचा भाव कोसळला कीं सारे हिशेब कोसळतात. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत निर्यातबंदी होती, तेव्हां काय झालें हें कोणीं सांगावयास नको. आम्ही ह्यावर डोळे झांकीत नाहीं; भावासाठीं झगडावेंच लागेल. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींपैकीं निम्म्यांस पैसाच लागत नाहीं. वेळ पाळण्यास, वारास पैसे देण्यास, कागद लिहिण्यास व नांवानें हाक मारण्यास काय खर्च? आणि माणूस वेळेवर न मिळाल्यानें लागण पंधरा दिवस लांबली, काढणीवेळीं अवकाळी पाऊस आला व कांदा वावरांतच सडला, तर तें नुकसान कोणत्या वहींत लिहितात? स्वस्त मजूर कित्येकदां फार महाग पडतो.

यंत्रें येतील व मजूर लागणारच नाहीं, असेंही कोणी म्हणतात. यंत्रें येवोत, पण त्यांस चालविणारा माणूस तरुणच लागेल. जपानांत यंत्रांची वाण नाहीं, तरी तेथील शेतकऱ्यांचें सरासरी वय साठीच्या बरेंच पुढें गेलें, आणि २०१२ पासून नव्यानें शेती धरणाऱ्या तरुणांस वर्षास पंधरा लाख येनपर्यंत मदत देण्याची योजना तेथील सरकारास काढावी लागली. एवढ्या संपन्न देशास जें उशिरां सुचलें तें आपण वेळेवर करणें बरें.

शेवटची गोष्ट घरांतली आहे, म्हणून ती हलक्या आवाजांत सांगतों. आपला पहिला गडी आपलाच मुलगा असतो, आणि त्यास आपण सर्वांत वाईट अटींवर राबवितों. त्यास रोज नाहीं, सुट्टी नाहीं, हिशेब विचारण्याचा हक्क नाहीं. पट्टी बापाच्या खिशांत, सातबारा बापाच्या नांवावर, बी कोणतें घ्यावें हेंही बापच ठरविणार. पंचविशीचा मुलगा पेट्रोलला पैसे मागत दारांत उभा. मग तो ठेकेदाराकडे कमी पगारावर जातो व आपण म्हणतों, घरची शेती सोडून गुलामीस गेला. त्याला तेथें मालकी मिळत नाहीं, पण महिन्याच्या शेवटीं त्याचे स्वतःचे म्हणून चार पैसे हातीं येतात. शेती करणाऱ्या मुलास मुलगी मिळत नाहीं ही तक्रारही ह्याच मुळाशीं येऊन पोंचते. मुलीचा बाप जमीन किती हें विचारतो तसेंच मुलाच्या हातांत काय, हेंही विचारतो; आणि त्याचें खरें उत्तर पुष्कळ घरांत ‘कांहीं नाहीं’ असें आहे. अर्धा एकर तरी मुलाच्या हवालीं करावा, त्याचें पीक, त्याचा खर्च, त्याचा नफा त्याला ठेवूं द्यावा, चुकला तर चुकूं द्यावें. मुलीस शेतीची आवड असेल तर तिलाही द्यावा. घरचा तरुण ज्या शेतांत राहत नाहीं त्या शेतांत बाहेरचा तरुण येईल ही आशा व्यर्थ आहे.

असें न केल्यास पुढें काय, हें आपण रोज रस्त्यानें जातांना पाहतोंच. आधीं वावर पडीक राहतें, मग त्यावर खोल्यांची चाळ उठते, मग बांधावर प्लॉटचे दगड रोवले जातात. विकणारा प्रत्येक मनुष्य सांगतो कीं करणारा कोणी राहिला नाहीं. हें उत्तर आपल्या मुलांच्या तोंडीं येऊं नये एवढीच आमची तळमळ आहे. म्हणून आपल्या सभासदांस आमची विनंति कीं, येत्या पाडव्यास, ज्या दिवशीं पूर्वीं सालगडी ठरत त्याच दिवशीं, संघाच्या कचेरींत एकत्र बसावें. गांवांतील तरुण-तरुणींसही बोलवावें, व त्यांस सतरंजीच्या कडेस न बसवितां बरोबरीनें बसवावें. आणि वेळ, वार, दर व टोळी ह्या चार गोष्टी त्यांच्याशीं बोलून कागदावर उतरवाव्यात. त्यांचें म्हणणें ऐकतांना आपणांस कांहीं कडू ऐकावें लागेल. तें ऐकण्याची तयारी ठेवावी, इतकें सांगून हा लेख पुरा करतों.